बसवून ठेवलेला माणूस

त्यांना सगळे हळूभाऊ म्हणत. आईवडिलांनी ठेवलेलं नाव बँकेत लागे आणि पुढे कोर्टात लागलं, तेवढंच. धंदा घरसामान हलवण्याचा. एका घरातून उचलायचं, टेम्पोत भरायचं, दुसऱ्या घरात मांडून द्यायचं. जिन्यावरून कपाट उतरवताना खालच्या बाजूला ते स्वतः राहत, कारण वजन खालच्या माणसावर येतं. मग खालून त्यांचा सूर सुरू होई, "हळू... हळू... अरे हळू, कपाट आहे, घोडा नाही!" या सुरावरूनच नाव पडलं. एरवीही त्यांचं चालणं असं, की शेजारच्या खोलीत कुणी आजारी माणूस नुकतंच झोपलं असावं.

तरुणपणी ते एका गोदामात पोती वाहत. पण पोतं कसंही टाकलं तरी चालतं, त्यामुळे त्या कामात त्यांचं मन रमेना. पुढे एका वयस्कर टेम्पोवाल्याच्या हाताखाली लागले. तो थकला तेव्हा टेम्पो यांच्याकडे आला आणि टेम्पोबरोबर गिऱ्हाइकंही आली. धाकट्या भावाला जोडीला घेतलं, गरजेप्रमाणे आणखी दोघे येत. कामाची पद्धत ठरलेली होती. दुसऱ्याचा ड्रॉवर उघडायचा नाही, आपोआप उघडला तर आत बघायचं नाही, चिकटपट्टी लावून बंद करायचा. नव्या घरात पहिल्यांदा मुलांची अंथरुणं लावायची, कारण मुलं झोपली की मोठ्यांची निम्मी चिडचिड संपते. लोक त्यांच्या हातात घराची किल्ली देऊन खुशाल निघून जात. धंद्याचं भांडवल म्हणायचं तर हेच. टेम्पो काय, कुणीही विकत घेतो.

या लोकांची आणखी एक रीत होती. जड सामानाला ते नावं ठेवत. कपाट म्हणजे नवरदेव, कारण त्याला हलवायला चौघं लागतात आणि तो स्वतः काही करत नाही. फ्रीज म्हणजे मामा, आडवा केला की रुसतो. मोठा आरसा म्हणजे पाहुणी. आणि पियानो म्हणजे म्हातारी, कारण जरा कुठे धक्का लागला की आतून कण्हते. जिन्यात दोन्ही हात अडकलेले असताना "डावीकडचं तीन दारांचं कपाट उचला" एवढं बोलायला दम नसतो. "नवरदेव घे" म्हटलं की काम होतं. पंधरावीस वर्षं ही भाषा बोलून ती त्यांच्या इतकी अंगवळणी पडली होती, की आपण काही वेगळं बोलतो हे त्यांच्या ध्यानातही येत नसे.

तीच भाषा त्यांना भोवली.

झालं असं, की तिसऱ्या मजल्यावरचं एक कुटुंब घर बदलत होतं. सगळं सामान गेलं, माणसं नव्या घरी पोहोचली, फक्त पियानो राहिला. मालकीणबाईंनी किल्ली हळूभाऊंकडे दिली आणि म्हणाल्या, "उद्या सावकाश न्या." संध्याकाळी हळूभाऊ खाली चहाच्या दुकानात बसून धाकट्याशी फोनवर बोलू लागले. धाकट्याच्या बाजूला रस्त्याचा गोंगाट होता, म्हणून यांचा आवाज नेहमीपेक्षा चढा.

"उद्या सकाळी म्हातारीला उचलायचं. ... हो, हो, तिसरा मजला. एकटीच आहे आता, बाकीचे सगळे गेले. किल्ली माझ्याकडेच आहे. ... अरे, तोंड बांधायला पट्टा आण. मागच्या वेळी जिन्यात केवढी ओरडली, आठवतं ना? आणि पाय आधी काढून घेऊ, वेगळे गुंडाळून सीटमागे टाकू. ... छे, लवकरच ये. लोक जिन्यात यायच्या आत गाडीत घालायची."

शेजारच्या टेबलावर एक चष्मेवाले गृहस्थ बिस्किट चहात बुडवून बसले होते. ते बिस्किट तिथेच विरघळलं. त्याच दिवशी दुपारपासून दोन गल्ल्या पलीकडे राहणाऱ्या एक निवृत्त नर्सबाई बेपत्ता होत्या. एकट्या राहणाऱ्या, वयस्कर, आणि घर नेमकं तिसऱ्या मजल्यावर. फोन लागत नाही म्हणून पुतण्याने पोलिसांत तक्रार दिली होती आणि वस्तीभर चर्चा चालू होती. चष्मेवाल्यांनी बाहेर जाऊन फोन लावला. त्यांची तरी काय चूक म्हणावी?

हळूभाऊ चहाचे पैसे देत होते तेवढ्यात गाडी आली. चौघे उतरले, हातात बेडी पडली. दुकानात रोज चहा पिणारी माणसं कप हातात धरून पाहत राहिली. टेम्पो रस्त्याच्या कडेला तसाच उभा राहिला.

ठाण्यात साहेबांच्या टेबलासमोर उभं केल्यावर हळूभाऊंना पहिल्यांदा प्रकार समजला, आणि त्यांना चक्क हसू आलं. हसणं हीच पहिली चूक झाली.

"हसतोस काय? म्हातारी कुठे आहे?"

"साहेब, म्हातारी म्हणजे पियानो."

"काय?"

"पियानो. आम्ही त्याला म्हातारी म्हणतो."

साहेब खुर्चीत मागे रेलले. "म्हातारी पियानो आहे काय? मग मी कोण, तबला?"

हवालदार मंडळी हसली. साहेबांचा विनोद म्हटल्यावर हसणं भागच होतं.

"साहेब, माझ्या फोनमध्ये पियानोवाल्या बाईंचा नंबर आहे. एक फोन करा. नाहीतर ही किल्ली घ्या, माणूस पाठवून बघा. वर पियानोशिवाय काही सापडलं तर म्हणाल ते."

"तपास कसा करायचा ते तू शिकवणार मला?"

फोन कुणी केला नाही, माणूसही पाठवला नाही. किल्ली आणि फोन टेबलाच्या ड्रॉवरमध्ये गेले. हळूभाऊंना मागच्या खोलीत नेलं. खोली अरुंद होती. भिंतीला सिमेंटचा ओटा, वरच्या टाकीतून पाणी झिरपून तो ओटा कायम ओला. दाराला लोखंडी गज, कुलूप बाहेरून. दार बंद झाल्यावर हळूभाऊंनी सवयीने दाराची रुंदी नजरेने मोजली. साधी खुर्चीसुद्धा वाकडी केल्याशिवाय आत येणार नाही, म्हणून इथे खुर्ची नसावी, असं त्यांच्या मनात आलं. मग आपण इथे आहोत हे नीट उमगलं आणि ते विचार करायचे थांबले.

थोड्या वेळाने त्यांची बायको आली. तिला सगळे वहिनी म्हणत. वहिनी घरी कपडे शिवत आणि बोलताना सुईसारख्याच सरळ जात.

"माझ्या नवऱ्याला का अटक केली?"

टेबलावरचा हवालदार वयाने मोठा, समजुतीने बोलणारा. "अटक नाही हो वहिनी. अटक कुठे? नुसतं बसवून ठेवलंय. चौकशी झाली की सोडतील."

"बसवून ठेवलंय? मग बसायला खुर्ची तरी द्या."

"वहिनी, घरी जा."

"ते येत असतील तर जाते. त्यांना विचारा, येतायत का?"

हवालदाराने नोंदवही पुढे ओढली. वहिनी डबा ठेवून परत गेल्या. पण तो शब्द त्यांच्या डोक्यात राहिला. बसवून ठेवलंय. जणू पाहुणा आहे!

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या बेपत्ता नर्सबाई स्वतःच्या पायांनी ठाण्यात आल्या. शस्त्रक्रिया झालेल्या एका जुन्या मैत्रिणीच्या उशाशी त्या रात्रभर होत्या, फोनची बॅटरी संपली होती. सकाळी घरी आल्या तर दाराशी पुतण्या रडवेला होऊन उभा. आधी त्यांनी त्याला झापलं आणि मग त्याच तावात ठाणं गाठलं. मागच्या खोलीच्या गजांमागे एक माणूस दिसला.

"हा कोण?"

"तुम्हाला पळवणारा," हवालदार म्हणाला.

नर्सबाईंनी हळूभाऊंना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "मला? एकटा? मला उचलायला असले तीन लागतील." मग साहेबांकडे वळून म्हणाल्या, "मी तुमच्यासमोर धडधाकट उभी आहे. आता सोडा त्याला."

"सोडतो, आजी. कागद तेवढा होऊ द्या."

"आजी कुणाला म्हणता?" नर्सबाई म्हणाल्या आणि निघून गेल्या. माणूस सुटला, असंच त्यांना वाटलं.

तो सुटला नाही. कारण तो कागद. त्यावर लिहिलं होतं, की मी चौकशीत मदत करण्यासाठी आपणहून ठाण्यात आलो, माझ्या मर्जीने थांबलो, माझी कुणाविरुद्ध तक्रार नाही. खाली सहीची जागा.

हळूभाऊंनी तो दोनदा वाचला. "साहेब, यात 'आपणहून आलो' लिहिलंय. मी आलो नाही. मला आणलं."

"अरे, लिहायची पद्धत असते. सही कर आणि घरी जा."

"मर्जीने थांबलो, हेही खरं नाही."

"घरी जायचंय ना तुला?"

"जायचंय. पण खोटी सही करून नाही."

साहेबांनी पेनाचं टोपण लावलं. "मग बस."

खरं तर सही केली असती तर गोष्ट तिथेच संपली असती. त्यांच्या जागी बहुतेकांनी केली असती आणि त्यांना कुणी नावं ठेवली नसती. हळूभाऊ काही भांडखोर नव्हते. रस्त्यात कुणी टेम्पोला घासून गेला तरी "असू दे" म्हणणारे. पण आयुष्यभर त्यांनी एक पथ्य पाळलं होतं. गिऱ्हाइकाची काच फुटली तर "फुटली" असं न म्हणता "आमच्याकडून फुटली" असं म्हणायचं. दुसऱ्याकडून एवढीच अपेक्षा करणं त्यांना फार वाटत नव्हतं.

त्या दिवशी संध्याकाळी धाकटा एका वकीलबाईंना घेऊन आला. हळूभाऊंनी कधीतरी त्यांचं ऑफिस हलवून दिलं होतं. बाई ठेंगण्या, तोंडात सतत पेपरमिंटची गोळी. त्यांनी साहेबांना विचारलं, "कुठल्या गुन्ह्यात अटक आहे?"

"अटक नाही. बसवून ठेवलंय."

"छान. मग उठवा."

कुलूप निघालं. हळूभाऊ बाहेर आले, किल्ली आणि फोन मागून घेतला आणि आधी पियानोवाल्या बाईंना फोन करून उशीर झाल्याबद्दल माफी मागितली. मग वकीलबाईंना म्हणाले, "यांच्यावर केस करता येते का?"

"येते. वेळ लागेल."

"लागू दे."

बाहेर आल्यावर कळलं, की खरं नुकसान ठाण्यात झालंच नव्हतं. ते आता होणार होतं. चहाच्या दुकानात सगळे नीट बोलत, पण ते आले की चालू असलेला विषय बदले. ठरलेल्या दोन गिऱ्हाइकांनी "आमचं जाणं लांबलंय" म्हणून कळवलं आणि पुढच्याच आठवड्यात दुसऱ्याच टेम्पोतून निघून गेली. एका इमारतीचा वॉचमन, जो वर्षानुवर्षं त्यांना सलाम करायचा, तो म्हणाला, "भाऊ, मला काही नाही, पण वरच्यांनी सांगितलंय, आत सोडताना विचारा म्हणून." आणि ज्यांनी काम दिलं, त्यांच्यातला कुणीतरी दिवसभर घरात खुर्ची टाकून बसायला लागला. किल्ली कुणी देईना. हळूभाऊंना सगळ्यात जास्त हे लागलं. रिकाम्या घरात आपल्यावर नजर ठेवायला माणूस बसलाय आणि आपण त्याचीच खुर्ची शेवटी गाडीत चढवायची!

धाकट्याचं मत वेगळं होतं. घरी जेवताना तो म्हणाला, "दादा, अरे ते स्वतःच म्हणतायत की अटक नव्हती. मग चांगलंच आहे की! लोकांना आपणही तेच सांगू. अटकबिटक काही नाही, नुसतं विचारपूस करायला बसवलं होतं. डाग पुसला."

"पुसला कसा? लोकांनी बेडी बघितलीय."

"मग तू उलट कोर्टात जाऊन ओरडणार, की मला अटक केली होती, अटक केली होती? जी गोष्ट लपवायची ती कुणी स्पीकर लावून सांगतं का?"

हळूभाऊ भाजी-भाकरी बाजूला ठेवून म्हणाले, "हे बघ. अटक नव्हती म्हटलं, तर चूकही नव्हती. जे झालंच नाही, ते चुकलं कसं म्हणणार? मग लोकांच्या मनात काय उरतं? पोलिसांनी नेलं होतं, काहीतरी असणार, पुढे मिटवलं. अटक होती आणि चुकीची होती, हे दोन्ही एकत्र सांगितलं तरच मी मोकळा होतो. एकटं कुठलंच चालत नाही."

"बरोबर," वहिनी म्हणाल्या. "आणि तुम्ही लोक आधी ती नावं ठेवायची बंद करा. उद्या आरशाबद्दल बोलताना पाहुणीला फोडली म्हणाल आणि फाशीच्या दारात जाल."

धाकट्याला हसू आवरेना. पण त्याची काळजी खोटी नव्हती. त्याची मुलं लहान होती आणि टेम्पो महिन्यातले निम्मे दिवस उभा असे.

केस उभी राहिली आणि चालत राहिली. तारखा पडत. कधी न्यायाधीश रजेवर, कधी सरकारी वकील आजारी, कधी साहेबांची बदली झालेली. वहिनी म्हणत, "नवऱ्याचं नाव हळूभाऊ, कोर्टाला तेच लागलंय." हळूभाऊ प्रत्येक तारखेला इस्त्रीचा शर्ट घालून वेळेआधी जाऊन बाकावर बसत. ते बसणं त्यांच्या मर्जीचं होतं, असं ते वकीलबाईंना सांगत आणि बाई गोळी एका गालातून दुसऱ्या गालात सरकवत हसत.

मध्येच तडजोडीचा निरोप आला. पोलीस खातं भरपाई द्यायला तयार होतं, आणि रक्कम हेटाळण्यासारखी नव्हती. धाकट्याचा चेहरा उजळला. मजकूर असा होता: गैरसमजातून संबंधिताला काही काळ बसवून ठेवावे लागले, अटक करण्यात आली नव्हती, उभय पक्षांची आता तक्रार नाही.

"घ्या," वकीलबाई सरळ म्हणाल्या. "माझं काम तुम्हाला सांगणं. कोर्टाचा भरवसा देता येत नाही. हरलात तर हेही नाही."

"तुम्ही माझ्या जागी असता तर?"

"मी वकील आहे, तुमच्या जागी बसायचे पैसे मला मिळत नाहीत."

हळूभाऊंनी धाकट्याकडे पाहिलं. "तुझा निम्मा वाटा आहे धंद्यात. तू बोल."

धाकट्याने बोटाने टेबलावरची रेघ कोरली. मग म्हणाला, "काल मी त्या कोपऱ्यावरच्या घरी भाव सांगायला गेलो होतो. बाईंनी विचारलं, तुम्ही त्या पकडलेल्या माणसाचे कोण? मी म्हटलं, कोणी नाही." "परत मला असं म्हणायला लागू नये. नको म्हण त्यांना."

साक्षीचा दिवस आला तेव्हा कोर्टाची खोली भरलेली होती. म्हातारीची केस म्हणून ती कोर्टाच्या कॅंटीनपर्यंत प्रसिद्ध झाली होती. आधी सरकारी वकिलांनी हळूभाऊंना विचारलं.

"ठाण्यात तुम्हाला मारहाण झाली?"

"नाही."

"अपमान केला?"

"साहेबांनी तबला हा शब्द वापरला, पण तो स्वतःबद्दल."

"चहा मिळाला?"

"सकाळी मिळाला."

"घरचा डबा मिळाला, चहा मिळाला, मारहाण नाही. म्हणजे तसा पाहुणचारच झाला की!"

"पाहुणा जातो म्हणाला की दार उघडतात, साहेब."

मागच्या बाकांवर खसखस पिकली. न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिलं आणि ती थांबली.

नर्सबाई साक्षीला पांढरीशुभ्र साडी नेसून आल्या आणि शपथ अशी घेतली, जणू घड्याळ बघून नाडी मोजतायत. त्या सकाळी ठाण्यात काय झालं ते त्यांनी सांगितलं. सरकारी वकिलांनी विचारलं, "तुम्ही आत डोकावलात तेव्हा हे गृहस्थ शांतपणे बसले होते ना?"

"बसले नव्हते."

"म्हणजे?"

"उभे होते. ओटा ओला होता. तुम्ही म्हणता बसवून ठेवलं होतं, पण बसायला तिथे जागाच नव्हती."

शेवटी साहेब पिंजऱ्यात आले. बदलीच्या ठिकाणाहून मुद्दाम आलेले, कडक गणवेशात. वकीलबाईंनी गोळी संपण्याची वाट पाहिली.

"तुम्ही यांना अटक केली नव्हती?"

"नाही. संशयित म्हणून बसवून ठेवलं होतं. आमच्याकडे तसा शब्द आहे."

"ते बसले होते, की बसवले होते?"

"एकच ते."

"बसतो तो स्वतः बसतो. बसवायला दुसरा लागतो. इथे दुसरा कोण?"

"मीच, ठाण्याचा प्रमुख म्हणून."

"ते उठून घरी निघाले असते तर?"

इथे साहेबांनी "गेले असते" म्हणायचं होतं. सरकारी वकिलांनी तसं पढवलंही असणार. पण साहेबांनी वर्षानुवर्षं ठाणं चालवलं होतं आणि आपल्या ठाण्यातून कुणी असंच उठून जाईल ही कल्पनाच त्यांना सोसवेना. ते ताठ होऊन म्हणाले, "असे कसे उठून जातील? मी उठू दिलं असतं तर ना!"

सरकारी वकिलांनी हातातलं पेन खाली ठेवलं. न्यायाधीश लिहून घेत होते.

"धन्यवाद," वकीलबाई म्हणाल्या. "एकच राहिलं. नर्सबाई समोर येऊन उभ्या राहिल्यावरही उठू दिलं नाहीत. तेव्हा संशय कशाचा होता?"

साहेबांनी त्याचं उत्तर दिलं, लांबलचक दिलं, पण ते कुणाच्या लक्षात राहिलं नाही.

निकाल लागला त्या दिवशी हळूभाऊ, वहिनी आणि धाकटा पुढच्या बाकावर होते. न्यायाधीशांनी वाचून दाखवलं. चहाच्या दुकानात जे ऐकू आलं त्यावरून पोलिसांना संशय यावा हे समजण्यासारखं आहे, असं आधी आलं, आणि धाकट्याने डोळे मिटले. मग पुढचं आलं. संशय दूर करायला एक फोन पुरे होता, नंबर समोर होता, तो लावला नाही. ज्या खोलीचं कुलूप बाहेरून आहे आणि ज्यातून माणसाला उठू दिलं जात नाही, तिथे त्याला ठेवणं याला ठाण्यात काहीही म्हणोत, कायद्यात अटक म्हणतात. ही अटक बेकायदा होती. ती स्त्री सुखरूप समोर आल्यावर, आणि केवळ खोट्या मजकुरावर सही केली नाही म्हणून, पुढे डांबून ठेवणं तर निव्वळ सूड होता. पोलीस खात्याने भरपाई द्यावी आणि लेखी माफी मागावी.

वहिनींनी पदराने नाक पुसलं आणि म्हणाल्या, "चला, आता तरी घरी लवकर या." साहेब कोर्टात नव्हते. बाहेरच्या पायऱ्यांवर तो वयस्कर हवालदार भेटला. तो निवृत्त झाला होता आणि निकाल ऐकायला आपणहून आला होता. त्याने हात जोडले नाहीत की माफी मागितली नाही. "वहिनींनी खुर्ची मागितली होती," एवढंच म्हणाला. "द्यायला हवी होती." हळूभाऊंनी त्याच्याबरोबर चहा घेतला.

माफीचं पत्र आलं, ते वहिनींनी पिशवीत घालून कपाटात ठेवलं. हळूभाऊंनी ते भिंतीवर लावू दिलं नाही. पत्र दाखवत फिरणारा माणूस पुन्हा संशयितच दिसतो, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी दुसराच मार्ग धरला.

निकालानंतर काही दिवसांनी एका घरून बोलावणं आलं. निवृत्त शिक्षक आणि त्यांची बायको, मोठं घर सोडून लहान घरात जाणार होते. हळूभाऊ आणि धाकटा सामान बघायला गेले. मास्तर खोल्या दाखवत होते, पण त्यांचं लक्ष दुसरीकडे होतं. शेवटी त्यांच्याने राहवेना.

"एक विचारू का? राग मानू नका. तुमच्याबद्दल काहीतरी ऐकलं होतं. म्हणजे पोलिसांनी तुम्हाला..."

"अहो!" बायकोने कोपर मारलं.

"नाही गं, विचारलेलं बरं. म्हणजे अटक वगैरे काही नव्हती ना? चौकशीला वगैरे बोलावलं असेल."

मागे धाकटा पुस्तकांच्या खोक्यापाशी जागच्या जागी थांबला. मास्तरांनी दार उघडून दिलं होतं. नुसतं "हो" म्हटलं की बाहेर पडता येत होतं, आणि मास्तरांनाही हायसं वाटलं असतं.

"नाही, मास्तर," हळूभाऊ म्हणाले. "चौकशीला बोलावलं नव्हतं. अटक केली होती. बेडी घालून. बेकायदा होती, तसं कोर्टानं सांगितलंय आणि पोलिसांनी माफी मागितलीय. ज्याला हवं त्याला मी असंच सांगतो."

मास्तरांच्या आधी बायकोच बोलली. "किती सरळ सांगितलंत हो! आम्ही उद्या सकाळीच लेकीकडे निघतोय. तुमचं तुम्ही आवराल ना? का आम्ही थांबायला हवं?"

"नको. तुम्ही निघा." हळूभाऊ दिवाणखान्यातल्या लांबलचक सोफ्याकडे वळले, त्याची पाठ चाचपली, दाराकडे पाहिलं, पुन्हा सोफ्याकडे पाहिलं. "हा आत कसा आणला होता?"

"बाल्कनीतून," मास्तर म्हणाले. "दोर लावून."

"मग तिथूनच जाईल. ए धाकट्या, बाल्कनीचं दार किती उघडतं बघ. हळू रे, हळू! कुंड्या आहेत तिथे."